नंबर कोणाचा लावायचा?



रांगेत उभे राहणे आपल्या घरांना नवे नाही. नळावरची हंड्यांची रांग, रेशनच्या दुकानातली रांग, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायची रांग. ज्यांच्या घरात कोणी गिरणीत बदली कामगार होते, त्यांना तर रांगेचा अर्थ अधिक सांगायला नको. भल्या पहाटे डबा घेऊन फाटकावर उभे राहायचे. आज कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला परत पाठवायचे हे मुकादमाच्या हाती. त्याची मर्जी असेल तर नंबर लागे, नसेल तर डबा तसाच घरी येई.

आजच्या लेखाचा विषय संगणकाचा आहे, पण प्रश्न तोच आहे. कामे पुष्कळ, यंत्रे थोडी, आणि यंत्रांचे मालक वेगवेगळे. मग नंबर कोणाचा लावायचा आणि तो कोणी ठरवायचा? निरनिराळ्या गावांतले, निरनिराळ्या देशांतले संगणक एकमेकांना जोडून त्यांच्याकडून मिळून काम करून घेण्याच्या व्यवस्थेला ‘ग्रिड’ म्हणतात. या व्यवस्थेत कामे वाटणारा एक प्रोग्राम असतो. त्याला ‘शेड्युलर’ असे नाव आहे. आपण त्याला या लेखापुरते ‘संगणकाचा मुकादम’ म्हणू. हा मुकादम चहापाणी घेत नाही, नातेगोते पाहत नाही. पण तेवढ्यावरून तो न्यायाने वागतो असे म्हणता येईल का? हे आज पाहायचे आहे.

एका यंत्राने भागत नाही

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराजवळ, फ्रान्सच्या सीमेवर, ‘सर्न’ नावाची संशोधन संस्था आहे. १९५४ साली ती स्थापन झाली. तेथे जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचा बोगदा असून त्यात ‘लार्ज हेड्रॉन कोलायडर’ नावाचे प्रचंड यंत्र बसवलेले आहे. २००८ साली ते प्रथम सुरू झाले. अणूच्या गाभ्यात असणारे प्रोटॉन नावाचे कण अतिशय वेगाने समोरासमोर आदळायचे आणि त्यातून काय काय बाहेर पडते ते टिपून ठेवायचे, हे त्या यंत्राचे काम. टकरी सेकंदाला कोट्यवधी होतात. त्यांतल्या बहुतेक जागच्या जागी टाकून देऊन फक्त कामाच्या वाटतील तेवढ्याच ठेवल्या, तरी उरलेली माहिती एवढी असते की ती साठवायला आणि तपासायला एका संस्थेचे संगणक पुरे पडत नाहीत.

म्हणून हे ओझे अनेकांनी मिळून उचलले. ४० हून अधिक देशांतील सुमारे १७० संगणक केंद्रे एकत्र जोडली गेली. या जाळ्यावर दररोज २० लाखांहून अधिक कामे चालतात. २०१२ च्या ४ जुलैला हिग्ज बोसॉन या कणाचा शोध जाहीर झाला. त्या वेळी सर्नचे महासंचालक असलेले रोल्फ ह्युअर यांनी यशाचे श्रेय तिघांना दिले होते : कण पळवणाऱ्या यंत्राला, टकरी टिपणाऱ्या प्रयोगांना आणि संगणकांच्या ग्रिडला.

या जाळ्याच्या पायऱ्या आहेत. सर्वांत वरच्या पायरीवर सर्नचे स्वतःचे केंद्र. तेथे मूळ माहिती जपून ठेवतात. दुसऱ्या पायरीवर काही देशांतील मोठी केंद्रे. त्यांच्याकडे त्या माहितीच्या प्रती असतात. तिसऱ्या पायरीवर विद्यापीठे आणि संशोधन संस्था. आपल्या मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. ती ‘सीएमएस’ नावाच्या प्रयोगासाठी या तिसऱ्या पायरीवरचे केंद्र चालवते. कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर ‘अ‍ॅलिस’ या दुसऱ्या प्रयोगासाठी तेच करते. म्हणजे इटलीत बसलेल्या एखाद्या विद्यार्थिनीने पाठवलेले काम कुलाब्याच्या यंत्रावर होऊ शकते, आणि कुलाब्याच्या विद्यार्थ्याचे काम अमेरिकेत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलेही नसते.

‘ग्रिड’ हे नाव विजेच्या जाळ्यावरून आले. इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन या दोन अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांनी १९९८ साली या विषयावर एक ग्रंथ संपादित केला, तेव्हापासून हा शब्द रुळला. घरात बटण दाबले की दिवा लागतो. वीज कोयनेची की चंद्रपूरची हे आपण विचारत नाही. तसेच संगणकाचे बळही मागितले की मिळावे, ही त्यामागची कल्पना.

कल्पना चांगली, पण वीज आणि संगणक यांत फरक आहे. वीज इथून तिथून सारखीच. संगणक मात्र सारखे नसतात. कोणाकडे स्मरणशक्ती जास्त, कोणाकडे साठवणूक जास्त. शिवाय ज्या माहितीवर काम करायचे ती माहितीच एवढी अवजड असते की दर वेळी ती हलवणे परवडत नाही. म्हणून जेथे माहिती ठेवलेली आहे तेथेच शक्यतो काम पाठवावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या सगळ्या यंत्रांचा मालक एक नाही. कुलाब्याच्या यंत्रावर सर्नचा हुकूम चालत नाही. तेथे विनंतीच चालते, आणि आधी ठरवून घेतलेला करार.

आधी आला त्याचा आधी?

आता मुकादमाच्या कामाकडे येऊ. सर्वांना पटणारा सोपा नियम म्हणजे जो आधी आला त्याचा नंबर आधी. रांगेत घुसायचे नाही. हा नियम न्यायाचा वाटतो. पण जरा हिशेब करून पाहा.

समजा एकच संगणक आहे आणि तीन कामे आली आहेत. पहिले १० तासांचे, दुसरे १ तासाचे, तिसरेही १ तासाचे. आल्या क्रमाने नंबर लावला तर पहिल्याला थांबावे लागत नाही. दुसऱ्याला १० तास थांबावे लागते, तिसऱ्याला ११ तास. एकूण २१ तासांची वाट पाहणी, म्हणजे सरासरीने प्रत्येकी ७ तास.

आता लहान कामे आधी घेऊ. पहिल्या लहान कामाला शून्य, दुसऱ्याला १ तास, आणि मोठ्या कामाला २ तास. एकूण ३ तास, सरासरी फक्त १ तास. मोठ्या कामाचे काय बिघडले? दहा तास चालणाऱ्या कामाला दोन तास उशीर झाला. पण दोन लहान कामांचा दिवस वाचला. नळावर चाळीस हंडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाने एक कळशीवालीला पुढे जाऊ दिले, तर त्याचे फारसे जात नाही. तिचे मात्र कामावर जाणे चुकत नाही.

मग लहानाला नेहमीच पुढे सोडावे का? तसेही करून चालत नाही. लहान कामे एकामागून एक येतच राहिली तर मोठ्या कामाचा नंबर कधीच लागणार नाही. ते रांगेत पहिले असूनही कायम मागेच राहील. संगणकशास्त्रात या अवस्थेला ‘स्टार्व्हेशन’ म्हणजे उपासमार असे नाव आहे. नाव ज्याने ठेवले त्याने अचूक ठेवले. घरात अन्न शिजते आहे, सगळे जेवून उठत आहेत, आणि एकजण प्रत्येक पंगतीला उपाशीच राहतो आहे, तशी ही गोष्ट.

यावर उपाय म्हणून वाट पाहण्यालाच वजन देतात. काम जितका वेळ थांबेल तितके त्याचे प्राधान्य आपोआप वाढत जाते. लहान कामाला पुढे सोडा, पण थांबलेल्याचा ताटकळलेला वेळ मोजत राहा. एका मर्यादेनंतर तोच सर्वांच्या पुढे आला पाहिजे.

रिकामी जागा वाया घालवायची नाही

मोठ्या संगणकात एक नसून शेकडो, हजारो प्रोसेसर असतात. काही कामांना एकच प्रोसेसर पुरतो, काहींना शंभर एकदम लागतात. आता समजा १०० प्रोसेसरच्या यंत्रात ६० प्रोसेसर कामात आहेत आणि ते ४ तासांनी मोकळे होणार आहेत. रांगेत पहिल्या नंबरवर जे काम आहे त्याला सगळेच्या सगळे १०० हवेत. मग उरलेले ४० प्रोसेसर चार तास नुसते बसून राहायचे का?

अमेरिकेत शिकागोजवळ अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. १९९५ च्या सुमारास तेथील मोठ्या यंत्रासाठी या प्रश्नाचे एक सुटसुटीत उत्तर काढले गेले. मोठ्या कामाची वेळ आधी राखून ठेवायची : ४ तासांनी १०० प्रोसेसर याचेच. ही जागा कोणी हलवायची नाही. मग मागच्या रांगेत पाहायचे. ज्या कामाला ४० किंवा त्याहून कमी प्रोसेसर लागतात आणि जे ४ तासांच्या आत संपणार आहे, त्याला मधल्या वेळेत आत सोडायचे. लहानाचे काम होते, यंत्र रिकामे राहत नाही आणि मोठ्या कामाला एक मिनिटाचाही उशीर होत नाही. या पद्धतीला ‘बॅकफिलिंग’ म्हणतात. एसटीचा कंडक्टर पुढच्या थांब्यावरच्या प्रवाशाची राखीव जागा तोवर मधल्या थांब्यावर उतरणाऱ्याला बसायला देतो, तसेच हे.

हे सारे एका गोष्टीवर अवलंबून आहे. प्रत्येकाने आपले काम किती वेळाचे आहे हे आधी खरे सांगितले पाहिजे. कमी सांगितले तर वेळ संपताच मुकादम काम मध्येच बंद करतो आणि केलेली मेहनत वाया जाते. या भीतीने लोक जास्तीचा वेळ लिहितात. दोन तासांच्या कामाला दहा तास लिहिले की ते काम मधल्या फटीत बसतच नाही आणि नंबर उशिरा लागतो. म्हणजे फुगवून सांगणाऱ्याचे स्वतःचेच नुकसान होते. नियम असा असावा की खरे बोलणाऱ्याचा त्यात फायदा व्हावा. येथे तो तसा आहे.

दोन्हीकडची पसंती

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथे विद्यापीठ आहे. तेथील मायरन लिव्हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ च्या सुमारास ‘कॉन्डॉर’ नावाची व्यवस्था तयार केली. प्राध्यापकांच्या टेबलावरचे संगणक रात्री आणि सुट्टीत रिकामे पडलेले असतात, तेव्हा त्यांचा उपयोग इतरांच्या कामासाठी करावा, हा त्यामागचा विचार. कॉन्डॉर हा अमेरिकेतला गिधाडासारखा मोठा पक्षी. रिकाम्या यंत्रांवर नजर ठेवून वर घिरट्या घालणारा म्हणून हे नाव. २०१२ पासून या व्यवस्थेला ‘एचटीकॉन्डॉर’ म्हणतात आणि ती आजही जगभर वापरात आहे.

या व्यवस्थेत काम आणि यंत्र यांची गाठ कशी घालतात, हे आपल्या वाचकांना लगेच कळेल, कारण वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींवरूनच ती पद्धत घेतलेली आहे. प्रत्येक काम आपली एक जाहिरात देते : मला एवढी स्मरणशक्ती हवी, अमुक प्रकारची यंत्रणा हवी, आणि शक्य तर वेगवान प्रोसेसर असावा. प्रत्येक यंत्रही आपली जाहिरात देते : माझ्याकडे हे हे आहे, मी रात्री आठनंतरच मोकळे असते, आणि आमच्या विभागातील मुलांच्या कामाला आधी पसंती देते. मध्ये बसलेला प्रोग्राम या दोन्ही याद्या समोर ठेवतो आणि वधू-वर सूचक मंडळासारख्या जोड्या जुळवतो. अट दोन्हीकडून पूर्ण झाली तरच जमते. एकाच बाजूची पसंती चालत नाही. जमल्यावर पुढची बोलणी ते काम आणि ते यंत्र आपसात करतात. मध्यस्थ बाजूला होतो.

यात मालकाचा मान राखलेला आहे. मालक सकाळी येऊन आपल्या संगणकाच्या कळफलकाला हात लावतो तेव्हा पाहुणे काम तेथून उठू शकते. मग त्या कामाचे झालेले कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून मधूनमधून ते कुठवर आले याची नोंद ठेवतात. दुसरीकडे जागा मिळाली की काम तेथून पुढे चालू होते. विणकाम अर्ध्यावर सोडून उठताना बाई टाके सुईवरच ठेवून उठते. पुन्हा बसल्यावर पहिल्यापासून विणावे लागत नाही. तसेच हे.

ग्रिड टिकली ती याच तत्त्वावर. देणाऱ्याला आपल्या वस्तूवरचा हक्क सोडावा लागत नाही. म्हणून तो द्यायला तयार होतो.

काल कोणी किती वापरले?

आता सर्वांत नाजूक भाग. एकाच संस्थेत दोन विद्यार्थी आहेत. एकाने आठवडाभर शंभर यंत्रे वापरली. दुसरी आज पहिल्यांदाच आली आहे. पहिल्याची आणखी हजार कामे रांगेत तिच्या आधी उभी आहेत. नंबर कोणाचा लावायचा?

येथे मुकादमाला कालचे आठवले पाहिजे. कॉन्डॉरमध्ये प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावापुढे एक आकडा असतो. आकडा जितका लहान तितका नंबर लवकर. नव्या माणसाचा आकडा अर्धा असतो, त्याहून कमी होत नाही. कोणी सतत शंभर यंत्रे वापरत राहिला तर त्याचा आकडा चढत चढत शंभराजवळ जातो. वापर थांबवला की उतरायला लागतो. मूळ व्यवस्थेत तो एका दिवसात निम्मा होतो : शंभराचे पन्नास, दुसऱ्या दिवशी पंचवीस, तिसऱ्या दिवशी साडेबारा. एकाचा आकडा १० आणि दुसऱ्याचा २० असेल तर पहिल्याला दुसऱ्याच्या दुप्पट यंत्रे मिळतात. म्हणजे ज्याने भरपूर घेतले त्याला कायमचे बाहेर काढत नाहीत, पण ज्याला मिळाले नाही त्याला पुढे घेतात. यालाच ‘फेअर शेअर’, म्हणजे न्याय्य वाटा म्हणतात.

पण येथेच डोळे उघडे ठेवून पाहायला हवे. कालचा वापर एका दिवसात निम्मा विसरायचा की सात दिवसांत, हे यंत्र ठरवत नाही. ‘स्लर्म’ नावाची अशीच दुसरी व्यवस्था आहे. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ या भारतीय महासंगणकावर तीच वापरतात. तिच्या मूळ ठेवणीत हा काळ सात दिवसांचा आहे. शिवाय प्रत्येकाच्या आकड्याला व्यवस्थापक आपल्या हाताने गुणक लावू शकतो. एखाद्याचा आकडा दहाने गुणला की तो रांगेत मागे गेला. कधी या गुणकामागे योग्य कारण असते, जसे की एखाद्या गटाने यंत्रे विकत घेण्यासाठी जास्त पैसे भरलेले असतात. कधी नुसताच वशिला असू शकतो. संगणक दोन्हींत फरक करत नाही. त्याला लिहून दिलेला आकडा तो प्रामाणिकपणे पाळतो.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे : संगणकाचा मुकादम न्यायी नसतो आणि अन्यायीही नसतो. तो आज्ञाधारक असतो. न्याय आहे की नाही, हे नियम लिहिणाऱ्या माणसाकडे पाहूनच ठरते.

झटपट हात मोकळे करणारे यंत्र

लिहिलेला नियम चांगला असूनही फसू शकतो, याचे एक उदाहरण ग्रिड चालवणाऱ्या सर्वांना माहीत आहे. शंभर यंत्रांतले एक यंत्र बिघडलेले आहे. त्याच्याकडे काम गेले की दोन सेकंदांत ‘जमले नाही’ म्हणून ते परत करते. बाकीची यंत्रे आपापल्या कामात तासन्‌तास गुंतलेली असतात. हे मात्र सदा मोकळे. मुकादमाला दिसते की हे रिकामे आहे, म्हणून तो पुढचे काम त्यालाच देतो. तेही दोन सेकंदांत बुडते. मग तिसरे, मग चौथे. रात्रभरात रांगेतली सगळी कामे हे एकच यंत्र गिळून टाकू शकते. सकाळी पाहावे तर रांग रिकामी आणि काम एकही झालेले नाही. अशा यंत्राला ‘ब्लॅक होल’, म्हणजे कृष्णविवर असे नाव पडले आहे.

यावर उपाय दोन. पहिला असा की यंत्र किती लवकर मोकळे होते हे न मोजता त्याने किती कामे नीट पुरी केली हे मोजायचे. दुसरा उपाय म्हणजे काम पाठवण्याआधी जागा पाहून यायची. कुलाब्याचे केंद्र ज्या सीएमएस प्रयोगासाठी आहे, त्यात आज हेच करतात. आधी ‘पायलट’ नावाचा एक लहान प्रोग्राम त्या केंद्रावर जातो. यंत्र चालू आहे का, स्मरणशक्ती सांगितली तेवढी आहे का, लागणारी साधने आहेत का, हे तो पाहतो. सगळे ठीक असेल तरच तो खरे काम मागवून घेतो. लग्न ठरवण्याआधी घरची दोन माणसे स्थळ बघून येतात, तसे. या पायलटची कामाशी गाठ घालायलाही कॉन्डॉरचीच जाहिरातींची पद्धत वापरलेली आहे.

माझा नंबर का लागला नाही?

हे सगळे दूरच्या शास्त्रज्ञांचे आहे, आपल्या घरात त्याचे काय, असे कोणी विचारील. तर त्याचे उत्तर या शेवटच्या भागात आहे.

कॉन्डॉरच्या व्यवस्थेत एक आज्ञा आहे. काम तासन्‌तास अडकून पडले तर वापरणारा ती देऊन विचारू शकतो : माझे काम का सुरू होत नाही? मग उत्तर येते : तुमच्या पहिल्या अटीला इतकी यंत्रे उतरली, दुसऱ्या अटीला इतकीच, आणि तुम्ही मागितलेली स्मरणशक्ती एकाही यंत्राकडे नाही. शिवाय प्रत्येकाचा आकडा किती आहे हेही पाहता येते. नियम कोणते आहेत ते पुस्तिकेत छापलेले आहे. प्रोग्राम कसा लिहिला आहे तेही कोणालाही वाचायला खुले आहे. या रांगेत उभा असलेला माणूस ‘का’ असे विचारू शकतो आणि त्याला उत्तर मिळते.

आता आपल्या वस्तीकडे पाहा. आपली कितीतरी मुले आज मोबाईलवर येणाऱ्या कामावर पोट भरतात. कोणी जेवणाचे डबे पोचवतो, कोणी रिक्षा-टॅक्सी चालवतो, कोणी घरोघरी जाऊन दुरुस्ती करतो. त्यांनाही काम एक प्रोग्रामच वाटतो. तेथेही कामाची आणि माणसाची जोडी जुळवली जाते, आकडे ठेवले जातात, कालचे लक्षात धरले जाते. तेथे यंत्राच्या जागी आपला मुलगा आहे. संध्याकाळ कोरडी गेली तर का गेली, हे त्याला बहुधा कळत नाही. आकडा कशाने खाली आला, आजारपणात घेतलेली सुट्टी मोजली का, आकडा पुन्हा कधी वर येईल, याचे उत्तर देणारी आज्ञा त्याच्या मोबाईलमध्ये नसते. गिरणीचा मुकादम निदान समोर दिसायचा. त्याच्याशी भांडता यायचे, युनियनकडे जाता यायचे.

असे असावेच असे काही नाही. जो प्रोग्राम संगणकांच्या रांगेत ‘का’ चे उत्तर देऊ शकतो, तसाच तो कामगारालाही देऊ शकतो. त्यात अशक्य असे काही नाही, हे ग्रिडने दाखवून दिलेले आहे. कर्नाटक राज्याने २०२५ साली अशा कामगारांसाठी कायदा केला, त्यात काम वाटणाऱ्या आणि नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामविषयी कामगाराला माहिती मिळण्याची तरतूद घातली आहे. मागणी कशाची करायची हे कळले तरच मागता येते. म्हणून पुढचे चार प्रश्न घरातल्या मुलामुलींना पाठ करून ठेवायला सांगा. नंबर लावण्याचा नियम लिहिलेला आणि सर्वांना दिसणारा आहे का? कालच्या वापराची आठवण किती दिवस ठेवतात? जो बराच वेळ थांबला आहे त्याला पुढे घेण्याची सोय आहे का? आणि माझा नंबर का लागला नाही, हे विचारले तर उत्तर मिळते का? हे चार प्रश्न प्रवेशाच्या यादीला लागू आहेत, घरांच्या सोडतीला लागू आहेत, दवाखान्यातल्या तारखेलाही लागू आहेत.

आणखी एक सांगायचे. जी मुले संगणक शिकत आहेत त्यांनी फक्त टायपिंग आणि हिशेबाच्या तक्त्यांवर थांबू नये. कॉन्डॉर आणि स्लर्म या दोन्ही व्यवस्था फुकट मिळतात. त्यांच्या पुस्तिकाही फुकट आहेत. कॉन्डॉर तर घरातल्या किंवा विहारातल्या अभ्यासिकेतल्या एकाच संगणकावरही बसवून पाहता येते. दहा लहानमोठी कामे तयार करावीत, रांगेत लावावीत, आकडे कसे हलतात ते पाहावे. दोन मित्रांनी दोन नावांनी कामे पाठवावीत आणि एकाने मुद्दाम जास्त वापर करावा. दुसऱ्याचा नंबर केव्हा पुढे येतो ते घड्याळ लावून पाहावे. मोठ्या संगणक केंद्रांना असे नियम समजणारी आणि ते लिहू शकणारी माणसे लागतात.

रांगेत उभे राहणारी माणसे आपल्या घरांत पुष्कळ झाली. आता रांगेचा नियम लिहिणारीही आपल्यातून निघाली पाहिजेत. ज्याने नळावर ताटकळत दिवस काढले आहेत, तो नियम लिहिताना थांबलेल्याचा वेळ मोजायला विसरणार नाही.